साखळीच्या मास्तरांची रॅले

ही सायकल माझ्याकडे आली ती टेम्पोतून, गवताच्या पेंढ्यांवर आडवी घालून. दिवाळी नुकतीच झाली होती. घेऊन आलेल्या बाई सत्तरीच्या, गोव्यातल्या साखळी गावाजवळच्या एका वाडीतल्या. वडील मराठी शाळेत मास्तर, पोर्तुगीज अमदानीतही आणि नंतरही. मास्तर गेल्यावर सायकल मांगरात नारळांच्या राशीमागे उभी राहिली, ती तिथेच राहिली.

"बाब, भाचा म्हणतो काळा चकचकीत रंग मारू, पुढे टोपली लावू, टोपलीत फुलझाडं. गेटाकडे ठेवली की पाहुणे फोटो काढतील," त्या म्हणाल्या. "मला ती चालताना बघायचीय. तेवढंच करून द्या."

डिचोलीत घरामागच्या शेडमध्ये मी शनिवार-रविवार जुन्या सायकली उभ्या करतो. फुलझाडांच्या कुंड्या झालेल्या सायकली किनारपट्टीवर इतक्या पाहिल्यात, की बाईंचं वाक्य ऐकून मी रंगाचा विषयच काढला नाही. सायकल घोडीवर चढवली आणि पहिला दिवस नुसती बघण्यात घालवला.

बघणं हेच या कामाचं अर्धं अंग आहे. चेनव्हीलमध्ये, म्हणजे पायडलांपाशी असते त्या दातेरी चकतीत, बगळ्यांची तोंडं कोरलेली, म्हणजे चेनव्हील तरी रॅलेचं, नॉटिंगहॅमच्या इंग्लिश कंपनीचं. मागचं मडगार्ड खालच्या टोकाला पांढरं, जुन्या इंग्लिश सायकलींना असायचं तसं. ब्रेक दांडीचे. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यावर, बोटभर चिकटा होता, तो रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर अक्षरं दिसली: स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू, आणि बाजूला ५७ व ८. गिअरचे हब बनवणारी ही कंपनी हबच्या नळीवर बनवल्याचं साल आणि महिना ठोकत असे. १९५७चा ऑगस्ट. बाई म्हणत होत्या, "मुक्तीच्या आधीची आहे," ते जुळलं.

त्या सालाला या प्रकरणात मोठा अर्थ आहे, म्हणून थोडं थांबतो. १९५५च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. सीमेपलीकडून माल यायचा बंद झाला, आणि मुरगाव बंदरातून युरोपचा माल उतरत राहिला. त्या काळात इथल्या माणसाला नॉटिंगहॅमची सायकल मिळत होती आणि तिचे वाटी-कोन, म्हणजे बेअरिंगचे भागही मिळत होते. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला आणि पुरवठ्याचं तोंड फिरलं. आता सुटे भाग यायला लागले लुधियान्याहून. सायकल तीच, रस्ता तोच, पण दुकानातल्या डब्यात वेगळ्या आट्यांच्या वाट्या. मास्तरांच्या सायकलीचं जे काही बिघडलं होतं, त्याचं मूळ मला शेवटी इथे सापडलं.

पहिल्या दिवशी दोरा लावून फ्रेम तपासली. मागच्या चाकाच्या एका खाचेतून दोरा काढायचा, पुढच्या मानेला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणायचा आणि दोन्ही बाजूंनी सीटच्या नळीपर्यंतचं अंतर मोजायचं. फरक एक मिलिमीटरच्या आत होता. मागचा चिमटा सरळ. खालच्या नळीवर मानेजवळ रंगाला सुरकुत्या पडल्या असत्या, तर समोरून धडक बसलीय असं समजलो असतो. तसं काही नव्हतं. सांगाडा निरोगी निघाला की पुढची सगळी खटपट करायला हुरूप येतो. सांगाडाच गेलेला असेल तर मी मालकाला तसं तोंडावर सांगतो आणि ती सायकल दात्यांच्या, म्हणजे सुटे भाग देणाऱ्यांच्या रांगेत लावतो.

मग क्रँक, म्हणजे पायडलाचा दांडा, हलवून पाहिला. डावीकडे बोटभर खेळ. पायडलांचा शाफ्ट असतो त्या आडव्या नळीतून डावी वाटी चारेक मिलिमीटर बाहेर आलेली, तिच्याभोवती पत्र्याची पट्टी ठोकलेली, वरून चेकनट कसाबसा आवळलेला. क्रँकला शाफ्टवर धरून ठेवणारी पिन म्हणजे कॉटर, ती काढायलाच दिवस गेले. कॉटरवर थेट हातोडा घालणाऱ्यांचा मला राग येतो, कारण टोक चेपतं आणि पिन आतल्या आत फुगते. क्रँकखाली लोखंडी नळीचा जाड तुकडा टेकवून, दोन दिवस तेल मुरवून, मग व्हाइसमध्ये दाबून काढली. सुटली तेव्हा टप्प असा आवाज आला.

आत तेल नव्हतंच. लाल चिखल सुकून वीट झाली होती. साखळी-डिचोली भागात राहणाऱ्याला ही धूळ वेगळी सांगायला नको. खनिजाच्या ट्रकांमागून वर्षानुवर्षं सायकल चालवली की लोहखनिजाची बारीक पूड प्रत्येक फटीत शिरते, ग्रीसमध्ये कालवली जाते आणि पॉलिशच्या मलमासारखी पोलाद घासत राहते. डाव्या बाजूला पाव इंची अकरा छर्रे हवेत, तिथे नऊच होते, त्यांतले काही एका अंगाने चपटे. शाफ्टवर डाव्या टोकाला नखाला लागेल अशी खाच. उजवी बाजू मात्र बरी होती, चेनकव्हरने तिला सांभाळलं होतं.

डावी वाटी हातात घेतली आणि हॅकसॉचं पातं तिच्या आट्यांवर टेकवलं. साध्या पात्याला इंचाला २४ दात असतात. पात्याचे दात वाटीच्या आट्यांत अगदी चपखल बसले. म्हणजे वाटी २४ची, आपल्याकडच्या बहुतेक देशी सायकलींना असते तशी. मग उजवी वाटी काढली. तिचे आटे उलटे असतात, पाना घसरून हात फोडून घ्यायचा नसेल तर वाटीतून जाड बोल्ट घालून दोन्हीकडून वायसर आणि नट आवळावा; बोल्ट जितका आवळत जाल तितकी वाटी सुटण्याच्याच दिशेला फिरते. या वाटीवर पातं टेकवलं तर पहिले तीन-चार दात बसले आणि पुढचे वर चढले. २६चे आटे. रॅलेने आपल्या सायकलींना इंचाला २६ आटे ठेवले होते, बाकी बहुतेक इंग्लिश कारखान्यांनी २४.

दोन्ही वाट्यांचा बाहेरचा घेर जवळजवळ सारखाच असतो, आणि घोळ त्यातच होतो. चुकीची वाटी सुरुवातीला जाते. एक फेरा, दीड फेरा, हाताला वाटतं थोडा गंज आहे म्हणून जड जातंय. एका आट्यामागे फरक एक मिलिमीटरच्या बाराव्या भागाएवढा. पण दहा आट्यांत तो पाऊण मिलिमीटरच्या पुढे जातो, आणि मग लांब दांड्याच्या पान्याने रेटलं की मऊ नळीचे आटे कापले जातात. मास्तरांच्या सायकलीत बाहेरचे तीन आटे असे चिरडलेले होते. आतले पाच-सहा शाबूत.

ज्याने ती वाटी बसवली त्याला मी दोष देत नाही. त्याच्याकडे सकाळी शाळेला जायची घाई असलेले मास्तर उभे असतील आणि डब्यात एकाच जातीच्या वाट्या होत्या. त्याने पत्रा ठोकून सायकल चालती ठेवली, आणि ती पुढे कित्येक वर्षं चालली. जुन्या दुरुस्तीकडे बघताना मी आधी हे विचारतो, की त्या दिवशी त्या माणसाच्या हाताशी काय होतं.

आता करायचं काय? नळीत नव्याने २४चे आटे पाडणं हा पहिला सल्ला मला दोघांनी दिला. आधीच्या २६च्या आट्यांवर २४चे पाडले की दोन्ही एकमेकांना कापतात आणि उरतो तो भुसभुशीत चुरा. नळी मोठी करून जाड वाटी बसवता येते, पण एकदा धातू काढला की परत लावता येत नाही. आट्यांशिवाय बसणारं बंद बेअरिंगही मिळतं, मात्र त्याच्या शाफ्टची टोकं चौकोनी, म्हणजे कॉटरचे क्रँक गेले आणि त्यांच्याबरोबर बगळ्यांचं चेनव्हीलही गेलं. मला २६चीच वाटी हवी होती.

शोधाला लागलो आणि पहिल्याच फेरीत चुकलो. फोंड्याला एका घरात बीएसए आहे असं कळलं. बीएसएचा सायकलीचा धंदा १९५७मध्ये रॅलेकडे गेला, तेव्हा आटे जुळतील अशा आशेने पैसे मोजून घेऊन आलो. चेनव्हीलवर बीएसएची अक्षरं, मानेवर तीन बंदुकांची खूण, सांगाडा ठणठणीत. घरी येऊन पातं टेकवलं: २४. सायकल त्या व्यवहाराच्या आधीची, बर्मिंगहॅमची. पातं खिशात घालून जायचं सोडून नावावर विसंबलो, ही माझी चूक. एका मित्राने सुचवलं, निदान तिची सीट आणि मडगार्डं तरी मास्तरांच्या सायकलीला लाव. ते मी केलं नाही. उभी राहू शकणारी सायकल दुसरीसाठी सोलायची नाही, हे मी ठरवूनच टाकलंय. ती बीएसए आता वेगळी, पूर्ण सायकल म्हणून चालते आहे.

खरा दाता म्हापशाच्या एका भंगारात सापडला. शुक्रवारचा बाजार करून परत येताना सहज डोकावलो. पत्र्यांच्या ढिगातून एक चेनव्हील बाहेर आलं होतं आणि त्यात उघडा पंजा कोरलेला. पंजा म्हणजे रज. रजचा सायकल धंदा रॅलेने १९४३मध्ये घेतला आणि त्यानंतरच्या रज त्याच कारखान्यात, त्याच आट्यांवर बनल्या. हंबर तर त्याआधीच, १९३२मध्ये रॅलेकडे आली होती. म्हणून रॅलेची वाटी शोधताना पंजाही बघावा आणि हंबरचा दुहेरी चिमटाही. या रजची मान तुटलेली होती आणि मागच्या नळ्या गंजून चाळण झालेल्या, बोट घातलं तर आत जात होतं. हिच्यात जीव नव्हता, म्हणून हिचे भाग घ्यायला मन कचरलं नाही. भंगारवाल्याने काट्यावर घालून किलोने दिली. हिच्यातून डावी वाटी चांगली निघाली, शाफ्ट चांगला निघाला.

पण चिरडलेल्या तीन आट्यांतून ती वाटी आत न्यायची कशी? २६चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मला इथल्या वर्कशॉपांत मिळालं नाही. मडगावला एक जुनं सायकल दुकान आहे, आता तिथे मुलांच्या सायकलीच विकतात. मालकांनी माडीवरून बिस्किटांचा डबा आणून दिला, आत सुट्या वाट्या. पातं काढलं आणि एकेक वाटी तपासत बसलो. चौदांपैकी दोन २६च्या. एकीची आतली धाव खड्ड्यांनी खराब झालेली, छर्‍यांसाठी निरुपयोगी, पण बाहेरचे आटे कोरे. मला नेमकं तेच हवं होतं. वाटी कडक पोलादाची असते, हॅकसॉने कापली जात नाही, म्हणून ग्राइंडरच्या पातळ चकतीने तिच्या आट्यांना आडवे तीन चर पाडले. झाला टॅप. उजवी वाटी परत बसवून तिच्यातून लांब आटेवाली सळी आरपार घातली, म्हणजे टॅप तिरका जाणार नाही. मग तेल, पाव फेरा पुढे, अर्धा फेरा मागे, चुरा पुसायचा, पुन्हा तेल. तीन आट्यांना दीड तास लागला. चौथ्या आट्याला हाताखालचा जोर एकदम उतरला आणि टॅप स्वतःच्या वाटेने आत जाऊ लागला. शेडमध्ये मी एकटाच होतो, तरी मोठ्याने "गेली!" म्हणालो.

रजची वाटी आतल्या शाबूत आट्यांवर पक्की बसली. नवे छर्रे, अकरा आणि अकरा. छर्रे मात्र जुने कधी वापरू नयेत. काही रुपयांची वस्तू वाचवताना मिळायला दुर्मीळ असलेली वाटी खराब होते.

हबची गोष्ट थोडक्यात सांगतो, जरी तिनेच सर्वांत जास्त संध्याकाळी खाल्ल्या. दुसऱ्या गिअरला जोर दिला की पायडल मोकळं पडत होतं. हे धोक्याचं आहे. चढावर उभं राहून दाबताना माणूस सरळ दांडीवर आदळतो. उघडून पाहिलं तर कोणीतरी प्रेमाने हबभर ग्रीस भरलेलं. एडब्ल्यू हबला पातळ तेल लागतं, ग्रीसने आतले खटके चिकटतात. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून सगळं सुटं केलं. चार खटक्यांपैकी एकाचं टोक गोल झालेलं, एकाची केसासारखी स्प्रिंग तुटलेली. हा हब १९३६मध्ये आला आणि कित्येक दशकं जवळजवळ त्याच आराखड्यावर बनत राहिला, म्हणून मडगावच्या त्याच दुकानात मिळालेल्या १९६२च्या एका हबचे खटके आणि स्प्रिंगा यात नीट बसल्या. उजवा कोन बोटाने आवळून अर्धा फेरा मागे घ्यायचा, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं. गिअरच्या तारेचा ताणही डोळ्याने लागतो: दुसऱ्या गिअरमध्ये उजव्या नटाच्या खिडकीतून पाहावं, आतल्या सळीचा खांदा आसाच्या टोकाशी समपातळीत हवा.

मागची रीम आतून गेली होती. पट्टीखाली पावसाचं पाणी साठत राहिलं आणि निपलांच्या भोकांभोवती लोखंड कागदासारखं झालं. इथे उपयोगी पडला एक पोदेर, म्हणजे पाववाला. पाव-उंड्यांची टोपली वाहून त्याच्या सायकलीची फ्रेम मागे मोडली होती, आणि त्याने स्कूटर घेतली होती. देशी सायकल, पण चाक तेच, २८ गुणिले दीड, मागे ४० भोकं. याबाबतीत देशी आणि विलायती यांच्यात भांडण नाही. रीमवर गंजाचे ठिपके होते, ते ॲल्युमिनियमची चांदी (फॉइल) पाण्यात बुडवून घासली तर निघाले. आरे नवे घेतले. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला एक रविवार.

गंजाचंही सांगायला हवं, कारण इथे प्रत्येकाला तोच प्रश्न पडतो. खारी हवा आणि चार महिने पाऊस. लहान भागांसाठी मी परसातल्या झाडाची बिंबलं वापरली. ठेचून रस काढायचा आणि घंटी, मुठींच्या कड्या, नट त्यात रात्रभर बुडवायचे. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं, बाजारात गंज काढायला पूड मिळते तेच. आमची आजी पितळेची भांडी बिंबलांनीच घाशी. सकाळी धुऊन सोड्याच्या पाण्यात बुचकळून लगेच सुकवायचं आणि तेल लावायचं. स्प्रिंगा आणि छर्रे मात्र आम्लात घालू नयेत, पोलाद ठिसूळ होतं.

रंगाच्या बाबतीत भाचा एकदा शेडवर आला. चांगला मुलगा आहे, त्याला सायकल उजळ दिसायला हवी होती. मी काही न बोलता खालच्या नळीचा हातभर भाग रॉकेलने पुसून, मेण लावून दाखवला. काळपट थराखालून काळा रंग वर आला आणि त्यात सोनेरी बारीक रेघ, काही ठिकाणी तुटलेली. दांडीवर मधोमध रंग पूर्ण गेलेला होता. बाई म्हणाल्या, "तिथे मी बसायची. शाळेत जाताना." त्यानंतर रंगाचं कोणी बोललं नाही. उघड्या लोखंडावर जवसाचं तेल पातळ चोळून सुकवलं, बस्स.

सगळ्या जुन्या दुरुस्त्या मी काढल्या नाहीत. मागच्या ब्रेकची एक दांडी गावच्या लोहाराने घडवलेली आहे, मूळ दांडीपेक्षा जाड, आणि तिच्या टोकाला हाताने पाडलेले आटे. ती ठेवली. चेनकव्हरला घासलेटच्या डब्याच्या पत्र्याचं ठिगळ आहे, रिव्हेट मारलेलं. तेही ठेवलं. पायडलांना टायर कापून केलेली रबरं होती, ती पार वितळली होती म्हणून तशीच नवी कापली, जुन्या टायरचीच. काढलं ते फक्त जे सायकल खात होतं.

सीटचं चामडं तडकून कागद झालं होतं, पण खालचा सांगाडा आणि स्प्रिंगा उत्तम. साखळीच्या एका चर्मकार कारागिराने पाच मिलिमीटर जाडीचं चामडं भिजवून, लाकडी साच्यावर ताणून, तांब्याच्या रिव्हेटांनी बसवलं. त्यांनी अशी सीट पूर्वी केली नव्हती. दोनदा चामडं ओढ खाऊन वाकडं सुकलं, तिसऱ्यांदा जमलं. खोबरेल तेल लावू नका असं बाईंना बजावून सांगितलं आहे, चामडं सैल पडतं. पावसाळ्यात बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वारा द्यायचा.

फेब्रुवारीत सायकल रस्त्यावर आली. आधी मी चालवली, डिचोलीच्या तळ्यापर्यंत आणि परत. मग कॉटरचे नट पुन्हा आवळले. कॉटर पहिल्या काही दिवसांत बसतात आणि ढिल्या होतात, हे विसरलं की क्रँक खातात. पुढच्या रविवारी बाईंच्या नातवाने ती साखळीच्या बाजारापर्यंत नेली. बाई बाल्कांवात, म्हणजे दारासमोरच्या पडवीत, बसून होत्या. परत आला तेव्हा सायकल फाटकातून आत येईपर्यंत त्यांना कळलंच नाही.

"आवाज नाही हिला," त्या म्हणाल्या. "बाबा यायचे तेव्हा डावीकडे कर्रर्र व्हायचं. वळणावर असतानाच आई चहा ठेवायची."

यावर मला उत्तर सुचलं नाही. लुधियान्याची ती वाटी मी पुसून, तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. ती त्यांना दिली. त्यांनी ती आत नेऊन देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवली.

पावसाळ्याआधी सायकल एकदा परत येणार आहे. हबमध्ये तेलाचे काही थेंब घालायचे आहेत, पुढच्या चाकाचे कोन बघायचे आहेत, तिथे किंचित खेळ जाणवतो. रजचा सांगाडा शेडच्या आढ्याला टांगलेला आहे. त्याच्या अंगावर अजून चांगला चिमटा आहे, चेनव्हील आहे, उजवी वाटी आहे. बिस्किटांच्या डब्यातली उरलेली २६ची वाटी मी चिठ्ठी बांधून वेगळी ठेवली आहे. पेडण्याहून एकांनी फोन केला होता. त्यांच्याकडे हंबर आहे, आणि डाव्या बाजूला पत्रा ठोकलेला आहे म्हणतात.